त्या सह्यांच्या कागदाबद्दल: मंडळातल्या पालकांना खुलं पत्र

आपल्या मंडळातल्या सगळ्या आई-बाबांना आणि काका-काकूंना सस्नेह नमस्कार.

दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या टेबलाच्या टोकाला, कागदी बशांच्या गठ्ठ्याशेजारी एक क्लिपबोर्ड ठेवला होता. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला, आणि अनेकांनी एका हातात चकली धरून दुसऱ्या हाताने त्यावर सही केली. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘आपल्या मुलांच्या सुरक्षेसाठी’. खाली बारीक अक्षरात मुद्दा होता. शाळेच्या दिवशी सकाळी साडेआठ ते दुपारी दीड या वेळात अठरा वर्षांखालचं कोणी सार्वजनिक जागी एकटं दिसलं तर पोलिसांनी त्याला थांबवावं, कारण विचारावं, आणि कारण पटलं नाही तर दंडाची चिठ्ठी फाडावी. कॅलिफोर्नियातल्या आपल्या या गावाच्या नगर परिषदेने मुलांसाठी दिवसाच्या संचारबंदीचा असा नियम करावा आणि त्याला इथल्या मराठी समाजाचा पाठिंबा आहे, असं त्या कागदाचं म्हणणं.

माझ्यापर्यंत तो आला तेव्हा दोन पानं भरली होती. मी सही केली नाही. पण तोंडही उघडलं नाही. ‘नंतर करते हं’ म्हणून बशीत आणखी एक करंजी घेतली आणि सटकले. तो गप्पपणा तेव्हापासून डाचतोय, म्हणून हे लिहायला बसले आहे.

नगर परिषदेला मी इंग्रजीत वेगळं पत्र पाठवलंय. हे मराठीत आहे, कारण यातलं बरंचसं घरातल्या घरात बोलायचं आहे.

आधी त्या ‘संचारबंदी’ शब्दाचंच घेऊ. आपल्या कानांना ‘संचारबंदी’ म्हटलं की दंगल आठवते. बंद शटरं, ओस रस्ते, चौकात उभी पोलिसांची गाडी. काहीतरी भयंकर घडल्याशिवाय आपल्याकडे हा शब्द निघत नाही. अमेरिकेत मात्र मुलांची संचारबंदी ही रोजच्या नगरपालिकेच्या कारभारातली गोष्ट आहे, कचऱ्याच्या डब्यांच्या नियमांइतकी जुनी आणि साधी. नेब्रास्कातल्या ओमाहा शहराने १८८० मध्ये पहिल्यांदा ती आणली. पुढे शेकडो गावांनी उचलली. पण तेव्हा ती रात्रीची असे. भरदिवसा, उन्हात मुलांनी रस्त्यावर दिसू नये ही कल्पना जोरात आली ती १९९०च्या दशकात, जेव्हा या देशाला आपल्याच किशोरवयीन मुलांची भीती वाटू लागली होती. आपल्या राज्यातल्या मोनरोव्हिया या छोट्या शहराने १९९४ मध्ये शाळेच्या वेळेतला असा नियम केला. जुलै १९९६ मध्ये खुद्द अध्यक्ष क्लिंटन तिथे गेले आणि त्यांनी त्याची वाहवा केली. मग काय, पाहता पाहता गावोगावी तसेच मसुदे तयार झाले. आपल्या परिषदेपुढचा मसुदाही मी वाचलाय. भाषा तीच.

आता आमच्या घरची गोष्ट. तुमच्यातल्या काहींना माहीत आहे, माझा मुलगा गेली दोन वर्षं घरी शिकतो. का, ते इथे सांगत बसत नाही. आठवीत त्याचं जे काही झालं ते झालं, आणि आम्ही त्याला शाळेतून काढलं. कॅलिफोर्नियात घरी शिकवायचं तर दर वर्षी १ ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान राज्याच्या शिक्षण खात्याकडे एक प्रतिज्ञापत्र भरावं लागतं, खासगी शाळांचं असतं तेच. म्हणजे कायद्याच्या हिशेबी आमचं स्वयंपाकघर ही खासगी शाळा, मी मुख्याध्यापिका, आणि पटावर विद्यार्थी एक. तो एक विद्यार्थी आठवड्यातून दोनदा शेजारच्या गावातल्या कम्युनिटी कॉलेजात गणिताच्या वर्गाला जातो. बसने. एकटा. पंधरा वर्षांच्या मुलाने बस बदलून वर्गाला वेळेवर पोचावं, हाही आमच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे असं समजा.

त्या शेजारच्या गावात दिवसाची संचारबंदी आधीपासून आहे. मागच्या मार्चमध्ये सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी तो तिथल्या बस थांब्यावर दुसऱ्या बसची वाट बघत उभा होता. पोलिसांची गाडी पुढे गेली, वळली, परत आली. उतरलेला अधिकारी तरुण होता, आणि मी अगदी प्रामाणिकपणे सांगते, सभ्यही होता. त्याने विचारलं, कुठली शाळा? मुलगा म्हणाला, घरी शिकतो. तो म्हणाला, ‘घरी शिकतोस तर घरी का नाहीस?’

यावर काय उत्तर द्यायचं? मला आजही सुचत नाही. त्याला तर नाहीच सुचलं. शाळेचं ओळखपत्र नाही, कारण मुख्याध्यापिकेने कधी छापलंच नाही. कॉलेजचं कार्ड होतं, पण चेहरा पंधराचा आणि कार्ड कॉलेजचं, त्यामुळे संशय उलट वाढला. मग दप्तर उघडायला लावलं. मग माझा नंबर. मी कामाच्या एका मीटिंगमध्ये होते, तीन वेळा फोन वाजून गेला. चौथ्यांदा उचलला तेव्हा पलीकडून ‘तुमचा मुलगा आमच्याजवळ आहे’ हे शब्द आले. पुढचे चार-पाच सेकंद मी काय ऐकलं ते मला आठवत नाही.

सगळं मिळून पंचवीस मिनिटं. चिठ्ठी फाडली नाही. अधिकाऱ्याने ‘सॉरी’ही म्हटलं. बस गेली होती, पुढची चाळीस मिनिटांनी, वर्गात त्या दिवशी चाचणी होती ती बुडाली. म्हणजे हिशेब केला तर त्या दिवशी त्या गावात शाळा बुडवणारं एक मूल तयार झालं, आणि ते तयार केलं शाळा बुडवू नये म्हणून केलेल्या नियमाने.

तुम्ही म्हणाल, झालं ना, सुटला ना? सुटला. पण त्यानंतर मी त्या प्रतिज्ञापत्राची एक प्रत काढून त्याला दिली. ती तो चार घड्या घालून पॅंटच्या मागच्या खिशात ठेवतो. आता तिच्या घड्या इतक्या झिजल्यात की उघडली तर फाटेल. पाकीट, किल्ली, फोन, आणि मग निघताना दारातून ओरडतो, ‘आई, कागद घेतलाय.’ आणि थांब्यावर तो आता बाकावर बसत नाही. जाहिरातीच्या काचेच्या मागे उभा राहतो, रस्त्यावरून दिसणार नाही असा. हे त्याने मला सांगितलं नव्हतं. एक दिवस मी त्याला आणायला गेले आणि थांबा रिकामा दिसला, म्हणून पुढे निघून गेले, तेव्हा कळलं. काही गुन्हा न केलेला मुलगा लपून उभा राहायला शिकला. आणि आपण जो कागद परिषदेला देणार आहोत तो हेच आपल्या गावात आणतो.

मला पहिल्यांदा उत्तर मिळालं ते हे, की अहो, मसुद्यात सवलती आहेत की! आहेत. पालक बरोबर असतील तर, पालकांनी कामाला पाठवलं असेल तर, डॉक्टरकडे जात असेल तर, नोकरीवर असेल तर, घरी शिकत असेल तर, शाळेने जेवणाच्या सुट्टीत सोडलं असेल तर. यादी चांगली लांब आहे. पण सवलत कुठे लागू होते ते पाहा. ती लागू होते थांबवल्यानंतर. अधिकाऱ्याला लांबून दिसतं ते फक्त वय, आणि तेही अंदाजाने. मुलाच्या कपाळावर ‘दातांच्या डॉक्टरकडून परत येतोय’ असं लिहिलेलं नसतं. तेव्हा सवलत मिळवायची तर आधी थांबायचं, उत्तरं द्यायची, घरच्यांचा फोन लागेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा झेलायच्या. मोठ्या माणसाच्या बाबतीत या देशात हे चालत नाही. १९७९ मध्ये टेक्सासच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की संशयाला ठोस आधार नसताना निव्वळ नाव-गाव विचारायला रस्त्यावरच्या माणसाला थांबवता येत नाही. दिवसाची संचारबंदी करते काय, तर वय हाच संशयाचा आधार बनवते. सोळा वर्षांचा असणं आणि मंगळवारी सकाळी अकरा वाजता फुटपाथवर असणं, एवढं पुरे.

आणि सकाळी अकराला फुटपाथवर असायची कारणं किती असतात याचा विचार आपण सही करताना केला होता का? आपल्याच मंडळात, आपापलं वेळापत्रक ठरवणाऱ्या तीन वेगवेगळ्या शाळा-जिल्ह्यांतली मुलं आहेत. एकीकडे शिक्षकांचा प्रशिक्षणाचा दिवस म्हणून सुट्टी, दुसरीकडे शाळा चालू. खासगी शाळेचं वेळापत्रक तिसरंच. बारावीच्या कित्येक मुलांचे शेवटचे तास मोकळे असतात. आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी रीतसर चिठ्ठी देऊन आपण मुलांना घरी ठेवतो, तेव्हा झब्बा घालून शेजारी फराळाचं ताट पोचवायला कोण जातं? तुम्ही जाता का? मुलांनाच पिटाळतो ना आपण?

आता मुख्य मुद्द्यावर येते. तो लिहायला अवघड आहे, कारण तुम्ही सगळे माझी माणसं आहात.

आपण सही केली कारण आपल्याला खात्री आहे की हा नियम आपल्या मुलांसाठी नाही. आपली मुलं शाळेत असतात. त्यांचे गुण चांगले असतात, ती व्हायोलिन वाजवतात, रविवारी मराठी शाळेला येऊन बाराखडी गिरवतात. नियम आहे तो ‘त्या’ मुलांसाठी. ती कोण, हे क्लिपबोर्डवर लिहिलं नव्हतं, पण टेबलाभोवती उभं राहून कोणी विचारलंही नाही, कारण सगळ्यांना कळलं होतं. मलाही कळलं होतं. म्हणूनच मी करंजी घेऊन सटकले.

‘त्या’ मुलांचं काय होतं ते लॉस एंजेलिसने पाहिलंय. तिथे १९९०च्या दशकातल्या त्याच लाटेत असाच नियम झाला, वेळ हीच, साडेआठ ते दीड. दंड २५० डॉलर, आणि त्यावर कोर्टाचे आकार चढले की रक्कम कुठल्या कुठे जायची. २००९ पर्यंतच्या काही वर्षांत शहर पोलीस आणि शाळांचे वेगळे पोलीस यांनी मिळून ४७ हजारांहून जास्त चिठ्ठ्या फाडल्या. त्यातल्या दहांपैकी जवळजवळ नऊ काळ्या आणि लॅटिनो मुलांना. त्या शहरात त्या मुलांचं प्रमाण मुळातच मोठं आहे, हे मान्य. तरी त्या मानानेही हा वाटा जास्तच होता. आणि चिठ्ठ्या मिळाल्या कुणाला? त्यात कितीतरी मुलं शाळा बुडवून भटकणारी नव्हती. ती शाळेकडेच निघाली होती, उशीर झाला होता, बस चुकली होती. शाळेच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर पकडलेली. मग मुलं शिकली. उशीर झाला की शाळेकडे जायचंच नाही, कारण वाटेत पोलीस असणार; त्यापेक्षा घरी परत फिरायचं. चिठ्ठी मिळाली तर कोर्टात हजर व्हायचं, म्हणजे मुलाची शाळा पुन्हा बुडणार आणि बरोबर जाणाऱ्या आईची रोजी बुडणार. मुलांनी आणि पालकांनी काही वर्षं लावून धरलं, तेव्हा फेब्रुवारी २०१२ मध्ये तिथल्या नगर परिषदेने नियम बदलला आणि त्यातला दंडाचा दात बराचसा काढला. शाळेत येणाऱ्या मुलाला वाटेत पकडू नये, हे पोलिसांना कागदावर लिहून द्यावं लागलं. कागदावर!

आता ‘पण आपली मुलं वेगळी’ याबद्दल. गाडीच्या काचेतून, पन्नास फुटांवरून, डोक्यावर हुडी घेतलेला सावळा, उंच मुलगा हा आयटीवाल्या मराठी घरातला आहे की आणखी कुठला, हे कुणाला कसं कळणार? फेब्रुवारी २०१५ आठवा. अलाबामातल्या मॅडिसन शहरात, नातवाची देखभाल करायला गुजरातहून आलेले एक आजोबा सकाळी मुलाच्या घराजवळच्या फुटपाथवर फिरत होते. कुणी शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला की एक सडपातळ काळा माणूस घरांकडे बघत फिरतोय. पोलीस आले. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, तोडकंमोडकं सांगायचा प्रयत्न केला. अधिकाऱ्याने त्यांना जमिनीवर असं आपटलं की त्यांना अर्धांगवायू झाला. ती चित्रफीत आपण सगळ्यांनी पाहिली, व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना पाठवली, चार दिवस हळहळलो. त्या आजोबांच्या बाबतीत निदान कुणाला फोन करावा लागला होता. आपण ज्यावर सही केली त्या नियमात फोनचीही गरज नाही. गाडी चालवता चालवता दिसलं की थांबवा.

आणि समजा, आपल्या मुलांना खरोखरच कुणी कधी थांबवलं नाही. तरी ते माझ्या सहीचं कारण कसं होऊ शकतं?

क्लिपबोर्ड फिरवणाऱ्या काकांबद्दल मनात काही नाही, हे इथेच सांगते. त्यांच्या घरी गेल्या उन्हाळ्याआधी भरदिवसा चोरी झाली. बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला मागचं दार फोडलं. काकूंच्या आईच्या पाटल्या गेल्या, आजीची ठुशी गेली. सोन्याची किंमत विम्यात मिळेल, ठुशी मिळणार नाही. काकू त्यानंतर कितीतरी दिवस दुपारी घरात एकट्या बसत नव्हत्या, गाडी काढून ग्रंथालयात जाऊन बसायच्या. शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्यात दोन आकृत्या दिसल्या, डोकी झाकलेल्या. सतरा वर्षांचे की सत्तावीसचे, देव जाणे. पण बोलता बोलता, दोन-तीन जेवणांत, ते ‘शाळा बुडवणारी पोरं’ झाले.

काका, भारतीय घरांत सोनं असतं हे चोरांना चांगलं ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असलेले बहुधा शाळकरी नसतात. २०११ ते २०१४ या काळात जॉर्जियापासून मिशिगन-टेक्सासपर्यंत भारतीय आणि आशियाई कुटुंबांची घरं हेरून दरोडे घालणारी एक टोळी होती. तिच्या म्होरक्या बाईला २०१९ मध्ये ३७ वर्षांची शिक्षा झाली. ती टोळी मोठ्या माणसांची होती. घरफोडी हा आधीच गुन्हा आहे. घरफोड्याला पकडायला पोलिसांना संचारबंदी लागत नाही. उलट थांब्यावरच्या माझ्या मुलाजवळ जी पंचवीस मिनिटं गेली, ती त्या अधिकाऱ्याची पंचवीस मिनिटं कुठल्या तरी गल्लीतून कमीच झाली.

मग याने गुन्हे कमी होतात का? हा प्रश्न निव्वळ मताचा राहिलेला नाही. २०१६ मध्ये कॅम्पबेल या संस्थेसाठी अभ्यासकांनी मुलांच्या संचारबंदीवरचे बारा अभ्यास एकत्र करून तपासले. निष्कर्ष: गुन्हे कमी होत नाहीत, आणि मुलं गुन्ह्यांना बळी पडण्याचं प्रमाणही कमी होत नाही. हे अभ्यास मुख्यतः रात्रीच्या बंदीचे आहेत, हे मी लपवत नाही. दिवसाच्या बंदीसाठी मोनरोव्हियाचं उदाहरण देतात, तर तिथलेही आकडे दुसऱ्या अभ्यासकांनी महिन्यांप्रमाणे लावून पाहिले, तेव्हा गुन्ह्यांतली घट शाळेच्या महिन्यांपेक्षा उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे नियम लागू नसताना, जास्त निघाली. शिवाय संघराज्याच्या न्याय खात्याची जुनी आकडेवारी सांगते की शाळेच्या दिवशी मुलांकडून होणारी मारामारी-हिंसा टिपेला पोचते ती दुपारी तीनच्या पुढे, शाळा सुटल्यावर. आपली बंदी दीडला उठणार. म्हणजे पाऊस सुरू होतानाच छत्री मिटायची.

न्यायालयांचं म्हणाल तर कौल दोन्हीकडे आहेत, आणि मी माझ्या सोयीचेच सांगणार नाही. सॅन डिएगोची रात्रीची बंदी १९९७ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने रद्द केली. नियम मोघम आहे आणि मुलांना कसं वाढवायचं या पालकांच्या अधिकारात लुडबूड करतो, असं म्हटलं. उलट मोनरोव्हियाच्या दिवसाच्या बंदीविरुद्ध घरी शिकवणारे पालक कोर्टात गेले, तर २००२ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने सुधारलेला नियम वैध ठरवला. तेव्हा ‘हे बेकायदा आहे’ असं ओरडून भागणार नाही. कायद्यात बसणारी गोष्ट शहाणपणाची असतेच असं नाही, एवढंच मला म्हणायचंय. टेक्सासचं बघा. ते काही पोलिसांबाबत मवाळ असलेलं राज्य नव्हे. तिथे ऑस्टिनने २०१७ मध्येच आपली बंदी सोडली, आणि सप्टेंबर २०२३ पासून राज्याने कायदाच केला की कुठल्याही शहराने किंवा काउंटीने मुलांवर अशी संचारबंदी लावायची नाही. टेक्सासने टाकलेली वस्तू आपण कॅलिफोर्नियात उचलून आणतोय.

शाळा बुडवण्याचा प्रश्न खोटा आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. खोटा नाही. शाळेच्या एकूण दिवसांपैकी दहा टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर, अशी मुलं कॅलिफोर्नियात कोविडआधी, २०१८-१९ मध्ये, साधारण बारा टक्के होती. २०२१-२२ मध्ये ती तीस टक्क्यांवर गेली. तीस! त्यानंतर आकडा उतरतोय, पण जुन्या जागी आलेला नाही. शाळा-जिल्हे घाबरलेत यात नवल नाही, त्यात आपल्या राज्यात शाळांना पैसे मिळतात ते पटावरच्या नावांवर नाही, तर रोज प्रत्यक्ष हजर असलेल्या मुलांच्या सरासरीवर. रिकामा बाक म्हणजे सरळ तोटा. परिषदेच्या मागच्या बैठकीत शाळा-जिल्ह्याचे अधिकारी पाठिंब्याला का उभे राहिले, याचं थोडं उत्तर त्यात आहे. आणि त्यात वाईट काही नाही, त्यांना शिक्षकांचे पगार द्यायचे असतात.

पण ही तीस टक्के मुलं रस्त्यावर होती का हो? मला आमच्या घरची माहिती आहे. शाळा सोडण्याआधीचे चार महिने माझा मुलगा आठवड्यातून दोन-दोन दिवस गैरहजर असायचा, आणि त्यातला एकही दिवस तो रस्त्यावर नव्हता. तो न्हाणीघरात होता. दार आतून लावून, पोटात दुखतंय म्हणून. कुठल्या पोलिसाची गाडी तिथवर येणार होती? त्या दिवसांत मला उपयोग झाला तो शाळेच्या ऑफिसातल्या एका बाईंचा. त्या रोज साडेनऊला फोन करायच्या. पहिले काही दिवस मला वाटायचं, वसुलीच करतायत. मग एके दिवशी त्यांनी विचारलं, ‘तो जेवतोय ना?’ तेव्हा मी पहिल्यांदा खरं काय ते बोलले. पुढे त्या बाईंची जागा खर्चकपातीत गेली. कुणी आजारी असतं, कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत असतं, कुणाची बस बंद झालेली असते, कुणाला वर्गात छळतात. एका अधिकाऱ्याच्या गस्तीच्या खर्चात तशा फोन करणाऱ्या बाई ठेवता आल्या तर मी पहिली सही करेन, आणि क्लिपबोर्डही मीच फिरवेन.

जाता जाता एक आगाऊपणा करते, रागावू नका. त्याच दिवाळीच्या संध्याकाळी, जेवणानंतर, मॅटिनीच्या गोष्टी निघाल्या होत्या. कोण कुठल्या कॉलेजातून दांडी मारून कुठल्या थिएटरला गेलं, हजेरीला ‘प्रेझेंट सर’ कोणी कुणाच्या वतीने म्हटलं, एकदा बाल्कनीत शेजारच्या खुर्चीवर प्राध्यापकच कसे निघाले. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्यांच्या गोष्टींना सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या त्या तिघांच्याही सह्या पहिल्याच पानावर आहेत. मी मोजल्या. तुम्हाला प्राध्यापकांनी दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर उभं केलं, फार तर घरी चिठ्ठी गेली, आणि बाबांनी जे काय करायचं ते केलं. नोंद कुठेच झाली नाही. त्या वेळी थिएटरच्या दारात पोलीस उभा असता, त्याने नाव-पत्ता लिहून घेऊन कोर्टाची तारीख दिली असती, तर ही गोष्ट तुम्ही हसत हसत सांगितली असती का?

आता कामाचं. नियमाचं पहिलं वाचन झालंय. दुसरं वाचन आणि मतदान येत्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता. मंजूर झाला तर तीस दिवसांनी लागू. आपल्या सह्यांचा कागद सोमवारी दुपारी नगर कारकुनाच्या कार्यालयात द्यायचा असं ठरलंय, म्हणजे अजून तो आपल्याकडेच आहे. ज्यांना आपलं नाव काढायचं असेल त्यांनी मला किंवा थेट काकांना सांगा. काकांशी माझं बोलणं झालंय. माझं म्हणणं त्यांना पटलेलं नाही, पण सांगेल त्याचं नाव खोडतो म्हणाले, आणि ते शब्दाचे पक्के आहेत. ज्यांना सही तशीच ठेवायची असेल त्यांनी ठेवा. फक्त वर ‘मराठी समाजाचा पाठिंबा’ असं लिहिलंय ते बदलून ‘खाली सह्या करणाऱ्यांचा’ असं करा, एवढी विनंती आहे. मीही मराठी समाजातच मोडते.

बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. आत शिरताना दारापाशी एक कार्ड भरून द्यावं लागतं, तिथे उशीर करू नका. मुलगाही येणार म्हणतोय. बोलणार नाही, नुसता बसणार आहे. संध्याकाळी घरून निघायला त्याला कागद लागत नाही, तरी खिशात असेलच. गावात रात्री दहाची बंदी आहे, पण मी बरोबर असल्यावर चालतं. माझ्या गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत, कुणाला हव्या असतील तर सोमवारपर्यंत कळवा.

आपली,
मंडळातलीच एक आई